बिनभाड्याचें बिऱ्हाड

गेल्या महिन्याच्या टपालांत रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. पत्र बरेंच लांब आहे, त्यांतील मतलबाचा भाग असा : "आमचें घर जुनें, कौलारू. गेले दोन-तीन आठवडे रात्रीं दिवे मालवले कीं माळ्यावर कोणीतरी चालूं लागतें. उंदरांची ती धांवपळ नव्हे. अनवाणी माणसानें दबकत चालावें तसा तो आवाज. सासूबाई म्हणतात, वास्तूला कसली तरी बाधा झाली आहे. शांत करून घ्यावी. धाकटे भावोजी म्हणतात, विष घालून मोकळें व्हावें. मुलें माजघरांत निजायला तयार नाहींत. मोठ्यांत मतभेद, लहानांत भीति, आणि माझी झोंप मात्र पार उडाली आहे. आपण काय सुचवाल ?"

या भगिनीला उत्तर द्यावयाचें आहे; परंतु त्यापूर्वीं आमच्या स्वतःच्या घरांत घडलेली एक चूक सांगितल्यावांचून तें उत्तर प्रामाणिक होणार नाहीं. ही गोष्ट आमच्या घरांत फारशी कोणी काढीत नाहीं. मीही आज प्रथमच ती लिहून काढीत आहें.

आमचें मूळ घर कोकणांतलेंच. २०१६ सालच्या चैत्रांत थोरल्या जाऊबाईंची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. दवाखान्यांतून ती व तिचें बाळ घरीं आलीं, आणि माजघराला लागून असलेल्या खोलींत त्यांची व्यवस्था केली. त्या खोलीच्या बरोबर वर पोटमाळा आहे. बाळ आठ दिवसांचें असेल नसेल, तोंच त्या माळ्यावर रात्रीं पावलें वाजूं लागलीं. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला विचारलें, तेव्हां त्यानें कौलांवर पडलेली विष्ठा दाखविली. तींत फळांच्या अख्ख्या बिया होत्या. "कांडेचोर आहे," एवढेंच तो म्हणाला. कांडेचोर म्हणजे उदमांजर. बाळंतिणीच्या डोक्यावर रानटी जनावर नको, याबद्दल घरांत दुमत झालें नाहीं.

पुढची युक्ति माझी. उदमांजर रात्रीं बाहेर पडतें हें मीं वाचलें होतें. तें बाहेर गेलें कीं येण्याची वाट बुजवून टाकावी, म्हणजे त्याला मारावयास नको आणि आपल्यालाही त्रास नको, असा माझा हिशेब. सर्वांना तो पटला, आणि खरें सांगावयाचें तर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. रात्रीं नऊच्या सुमारास तें जनावर वळचणींतून आंब्याच्या फांदीवर जातांना भावोजींनीं विजेरीच्या उजेडांत पाहिलें, आणि लगेच शिडी लावून त्या फटीवर पत्रा ठोकला.

मध्यरात्रीनंतर तें परत आलें. पत्र्यावर नखें ओढल्याचा आवाज, कौलें हलविल्याचा आवाज, आणि मग आंतून अगदीं बारीक, चिरके असे दुसरे आवाज येऊं लागले. तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें, कीं माळ्यावर एक जनावर नव्हतें; तेथें एक आई आणि तिचीं पिलें होतीं.

मामंजी म्हणाले, "सकाळीं बघूं." सकाळीं पाहतों तों कौलांवर चढणारा गडी लग्नाला परगांवीं गेलेला, आणि त्याच्यावांचून त्या जुन्या वाशांवर चढण्याची कोणाची छाती नव्हती. निदान तसें आम्हीं एकमेकांना सांगितलें. दुसऱ्या रात्रीं पुन्हां तोच प्रकार. माझी पुतणी बाळाला पदराखालीं घेऊन अंथरुणावर बसून होती. ती म्हणाली, "काकू, तो पत्रा काढायला सांगा. ती तिच्या मुलांसाठीं आली आहे." मीं तिला म्हटलें, "तूं नीज बरें. बाळंतिणीनें जागूं नये."

तिसऱ्या दिवशीं सकाळीं गडी आला व त्यानें चार कौलें काढलीं. माळ्याच्या कोपऱ्यांत जुन्या गादीच्या फाटक्या कापसांत तीन पिलें होतीं. दोन मेलेलीं, एक हालत होतें.

सासूबाई कोणाला कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं स्वतः एक वेताची टोपली आणली, तींत जुन्या लुगड्याची घडी घातली, आणि जाड फडक्यांत धरून तें पिलूं तींत ठेवावयास लावलें. दिवसभर टोपली सावलींत ठेवली. दिवेलागणीला ती वळचणीपाशीं उघड्या फटीशेजारीं बांधली आणि त्या बाजूचे सारे दिवे मालविले. रात्रीं दहाच्या पुढें आई आली. तिनें पिलाची मान तोंडांत धरली, आणि आंब्याच्या फांदीवरून ती अंधारांत निघून गेली. ती पुन्हां आमच्या घराकडे आली नाहीं. माझ्या पुतणीनें हें सारें खिडकींतून पाहिलें. त्याविषयीं ती मला कधीं एक शब्दही बोलली नाहीं, आणि तेंच मला फार लागलें.

असो. त्या वर्षापासून मीं स्वतःपुरता एक नियम करून ठेवला आहे. घरांतील कोणतेंही भोंक बुजविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावयाचे : आंत कोण आहे ? त्याच्याबरोबर पिलें आहेत काय ? आणि तें येथें कशासाठीं आलें ? या तिहींचें उत्तर मिळेपर्यंत हातोडीला हात लावावयाचा नाहीं.

पहिला प्रश्न ओळखीचा. माळ्यावर बारीक, झपझप धांवपळ आणि कुरतडणें असेल तर तो बहुधा उंदीर. जड, संथ पावलें, तींही रात्रींचींच, आणि कौलांवर वा कठड्यावर बियांनीं भरलेली विष्ठा असेल तर तें उदमांजर. नांवांत मांजर असलें तरी तें मांजराच्या कुळांतलें नव्हे. त्याचें कुळ निराळें आहे. अंगानें तें साधारण मोठ्या बोक्याएवढें, रंगानें करडें-काळसर, तोंडावर बुरख्यासारखा काळा पट्टा, आणि शेपूट लांब. आंबे, केळीं, पेरू, चिकू हीं त्याचीं आवडतीं फळें. उंदीर, किडे, पक्ष्यांचीं अंडीं हेंही खातें. माडाला लावलेल्या मडक्यांतील माडी पिण्याविषयींही त्याची ख्याति आहे. त्याच्या पोटांतून अख्ख्या बाहेर पडलेल्या बिया रानांत दूरवर जाऊन रुजतात. म्हणून बागाइतदार त्याला चोर म्हणो, रान त्याला माळी म्हणेल. माणसाच्या अंगावर तें आपण होऊन येत नाहीं. कोंडलें किंवा पकडावयास गेलें तर मात्र कडकडून चावतें, आणि शेपटाखालच्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतें.

संध्याकाळीं फटींतून काळ्या चिंध्यांसारखें कांहीं भराभर बाहेर पडत असेल, आणि भिंतीवर काळपट ओघळ व खालीं उंदराच्या लेंड्यांसारखे पण बोटानें चुरडणारे कण दिसत असतील, तर तीं किडे खाणारीं लहान वटवाघळें. डास, पाखरें, भुंगे हेंच त्यांचें अन्न. तीं लाकूड कुरतडीत नाहींत कीं घरटें बांधीत नाहींत. नुसतीं लटकून असतात.

रात्रीं माळ्यावरून घोरल्यासारखा किंवा फूत्कारासारखा आवाज येत असेल, तर साप म्हणून घाबरण्यापूर्वीं घुबडाची आठवण करावी. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचें हें जें घुबड, त्याला मराठींत गव्हाणी घुबड म्हणतात. गोठ्यांतल्या गव्हाणीशीं त्याचें नातें त्याच्या नांवांतच आहे. त्याचीं पिलें भूक लागली कीं तासन्‌तास तसा आवाज करितात. या पक्ष्याला अशुभ मानून दगड मारणारीं घरें मीं पाहिलीं आहेत, आणि त्याच घरांत भाताच्या कणगीला उंदीर लागले म्हणून रडणारीं माणसेंही पाहिलीं आहेत. गव्हाणी घुबडाचें मुख्य अन्न उंदीर हेंच आहे. त्याला हांकलून विषाची पुडी विकत आणणें म्हणजे फुकटचा राखणदार काढून पगारी चोर ठेवण्यासारखें आहे.

दुसरा प्रश्न पिलांचा. आमची चूक झाली ती येथें. उदमांजराची मादी एका वेळीं दोनपासून पांचपर्यंत पिलें घालते, आणि तीं स्वतंत्रपणें हिंडूंफिरूं लागावयास सुमारें दोन-अडीच महिने जातात. गव्हाणी घुबडाचीं पिलेंही घरटें सोडावयास सुमारें दोन महिने घेतात. वटवाघळाचें पिलूं कांहीं आठवडे उडूं शकत नाहीं. आई रात्रीं बाहेर गेली तरी तें आंतच लटकून असतें. म्हणून आई गेली कीं वाट बुजवावी ही युक्ति दिसावयास शहाणपणाची, परंतु परिणामीं अत्यंत क्रूर आहे; आणि जी क्रूरता माणसांना कळत नाहीं ती नाकाला चार दिवसांत कळते. मेलेल्या जीवाचा वास छताच्या फळ्यांतून उतरला, कीं तो दारें-खिडक्या उघडून किंवा धूप घालून जात नाहीं. दिवसां बुजवावें तर आई-पिलें सगळींच आंत कोंडलीं जातात, आणि बाहेर पडण्यासाठीं छताची फळी फोडून खालीं घरांत येतात.

मग करावें काय ? शक्य असेल तर थांबावें. दोन महिने म्हणजे कांहीं फार नव्हे. पाहुणे यापेक्षां जास्त राहून गेलेले आपण सर्वांनींच सोसले आहेत. थांबणें अशक्यच असेल, तर माळ्यावर रात्रंदिवस दिवा पेटता ठेवावा आणि दिवसां त्याच्या झोंपेच्या वेळीं रेडिओ लावून ठेवावा. अंधार आणि शांतता यांसाठींच तें तेथें आलेलें असतें. दोन्ही गेलीं कीं पुष्कळदां आई स्वतःच एकेक पिलूं तोंडांत धरून दुसरीकडे हलविते. वाट मात्र उघडी ठेवावी. सारीं गेलीं अशी खात्री कशी करावी ? फटीच्या तोंडाशीं कागदाचा सैल बोळा बसवावा किंवा पीठ भुरभुरावें. ओळीनें तीन-चार रात्रीं बोळा हालला नाहीं, पिठावर पाऊल उमटलें नाहीं, आणि दिवसां माळ्यावर चढून विजेरीनें प्रत्येक कोपरा पाहिला, म्हणजे मग जाळी ठोकावी. वटवाघळांकरितां त्याहून सोपी युक्ति आहे. पिलें उडूं लागल्यावर फटीच्या वरच्या कडेला बारीक जाळी ठोकून ती खालीं सैल लोंबती सोडावी. आंतलें वटवाघूळ जाळीखालून सरपटत बाहेर पडतें. परत येतांना त्याला ती वाट सांपडत नाहीं. आठवड्याभरानें फट कायमची बंद करावी.

विष घालूं नये, हें मी धाकट्या भावोजींना मुद्दाम सांगतें. विष खाल्लेलें जनावर आपल्या सोयीच्या जागीं जाऊन मरत नाहीं. तें भिंतीच्या पोकळींत किंवा छताच्या आडोशाला मरतें. विषारी उंदीर खाऊन घरचें मांजर आणि घुबड दोन्ही दगावतात. आणि रांगत्या मुलाच्या घरांत तीं विषाची पुडी असणें हेंच मोठें संकट आहे. डांबराच्या गोळ्या माळ्यावर पसरण्याची रीतही पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यांनीं जनावर क्वचितच जातें. उलट त्यांची वाफ तान्ह्या मुलांच्या रक्ताला बाधक होऊं शकते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें उदमांजर, घुबड, धामण, नाग यांना मारणें किंवा पकडून ठेवणें हा गुन्हा आहे, मग तें आपल्या मालकीच्या छपराखालीं कां असेना. जनावर अडकलें, जखमी झालें किंवा घरांत उतरलें, तर महाराष्ट्रांत वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनि क्रमांकावर कळवावें.

सापाची गोष्ट वेगळी, म्हणून तिचा विचार वेगळा करतें. घरांत येणारा साप बहुधा उंदीर-बेडकांच्या मागावर आलेला असतो. धामण बिनविषारी असून उंदरांचा मोठा फडशा पाडते. परंतु कोणता साप कोणता ही परीक्षा घरच्यांनीं घेऊं नये. बिनविषारी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांत जाणतेही फसतात. साप दिसला तर मुलांना बाहेर न्यावें, एकानें दुरून त्याच्यावर नजर ठेवावी, आणि सर्पमित्राला बोलवावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार साप आपल्याकडे मुख्यतः जीवावर बेततात. त्यांतली मण्यार रात्रीं फिरते आणि जमिनीवरच्या अंथरुणांत शिरते. तिच्या दंशाची पुष्कळदां वेदनाही होत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत खाटेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनीं खोंचून निजावें. दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आंवळूं नये. दंश झालेला अवयव हलूं न देतां त्या माणसाला तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस हाच खरा उपाय; मंत्रतंत्रांत गेलेला वेळ परत मिळत नाहीं. कोणतेंही सस्तन जनावर चावलें किंवा त्यानें ओरबाडलें, तर जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं रेबीजच्या लसीसाठीं डॉक्टरांकडे जावें.

तिसरा प्रश्न राहिला : तें येथें कशासाठीं आलें ? याचें उत्तर मात्र माळ्यावर नसून बहुधा आपल्याच वागणुकींत असतें. आमच्या माळ्यावर काय होतें तें त्या दिवशीं सकाळीं मीं पाहिलें. फाटकी गादी, गतवर्षींच्या फणसाच्या आठळ्या, फुटक्या हांड्यांत विसरलेलें वालाचें बियाणें, दोन पिढ्यांच्या मोडक्या पाळण्यांचे तुकडे. आठळ्यांना उंदीर आले, उंदरांच्या मागें उदमांजर आलें, आणि मऊ बिछाना तर आम्हीं आधींच घालून ठेवलेला होता. आंब्याची फांदी कौलांवर टेंकली होती, तीच त्याची शिडी. आम्हीं जिच्यावर संतापलों, तिला बोलावणें आम्हींच धाडलें होतें. तेव्हांपासून दर वर्षीं घर शाकारण्याच्या वेळीं आम्ही माळा पुरता रिकामा करतों, धान्य व बियाणें पत्र्याच्या डब्यांत ठेवतों, छपरापासून निदान दोन हात अंतर राहील अशा फांद्या छाटतों, आणि वळचणीच्या फटींना गंज न धरणारी जाळी मारतों. माळा झाडतांना तोंडाला फडकें बांधावें आणि वाळलेली विष्ठा आधीं जंतुनाशकाच्या पाण्यानें भिजवून मग उचलावी. तिची कोरडी धूळ छातींत गेल्यास आजार होतात.

आतां पत्रलेखिका भगिनीस. आपल्या माळ्यावरचें चालणें उदमांजराचें असावें असें आपल्या वर्णनावरून वाटतें. सासूबाईंना शांत करावयाची असेल तर अवश्य करावी. ती त्यांच्या मनाच्या समाधानाची गोष्ट आहे. परंतु गुरुजींना निरोप धाडण्यापूर्वीं घरच्या एका वडीलधाऱ्या माणसानें सूर्यास्ताच्या वेळीं अंगणांत खुर्ची टाकून बसावें आणि वळचणींतून कोण बाहेर पडतें तें पाहावें. मुलांनाही जवळ बसवावें. जें अंधारांत चालतें त्याची भीति वाटते; तेंच संध्याप्रकाशांत फांदीवरून जातांना दिसलें, कीं मुलें दुसऱ्या दिवशीं आपण होऊन अंगणांत बसतात. शाकारणी पावसापूर्वीं उरकावयास हवी हें खरें. तेव्हां पिलांचा कोपरा शेवटास ठेवून बाकीचें छप्पर आधीं करून घ्यावें. तेवढ्या अवधींत बहुधा बिऱ्हाड हललेलें असेल. न हलल्यास दिवा आणि रेडिओ आहेतच.

माझ्या पुतणीचें तें बाळ आतां शाळेंत जातें. सुटींत तें आलें, कीं पहिल्या रात्रींच विचारतें, "आजी, यंदा वर कोण राहतें ?" मी त्याला सांगतें, "यंदा कोणी नाहीं, बाळा." वळचणीला बांधलेली ती वेताची टोपली सासूबाईंनीं टाकूं दिली नव्हती, त्या गेल्या, तरी ती अजून माळ्याच्या दाराशीं खुंटीला आहे. माळा रिकामा करतांना दर वर्षीं ती आम्ही झाडून पुन्हां तेथेंच टांगतों.

वाचकांनीं आपापल्या घरचे असे अनुभव अवश्य कळवावे. चुकांचे असतील ते आधीं.